कुलूप आणि मिलाफ : पोथ्यांच्या संपादनातला एक जुना प्रश्न

एका लेखनावर अनेक हात चालू लागले की दोनच वाटा उरतात. एक हात काम करीत असताना इतरांना थांबवायचे, म्हणजे लेखनाला कुलूप लावायचे. किंवा सर्वांना आपापल्या जागी लिहू द्यायचे आणि मागाहून त्या साऱ्यांचा मिलाफ घडवून आणायचा. संगणकाच्या जगात हा वाद 'फाइल लॉक करावी की मर्ज करावी' या शब्दांत ओळखला जातो. १९८२ च्या सुमारास वॉल्टर टिची यांनी केलेल्या 'आरसीएस' या प्रणालीत ज्याने फाइल उचलली त्याच्याकडे किल्ली, बाकीच्यांनी वाट पाहावी, अशी रीत होती. पुढे 'सीव्हीएस'ने आणि २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांच्या 'गिट'ने मिलाफाची वाट रूढ केली. परंतु हा प्रश्न संगणकाने जन्माला घातला असे समजणे चुकीचे ठरेल. मराठी ग्रंथपरंपरा तो किमान सात शतके सोडवीत आली आहे, आणि तिच्या उत्तरांतून आजही काही शिकता येते.

कुलपाचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एकनाथांची ज्ञानेश्वरी. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे सिद्ध झालेला हा ग्रंथ पुढची जवळजवळ तीनशे वर्षे हाताने उतरवला जात होता. उतरवणारा प्रत्येकजण भक्त होता, आणि भक्ताचा हात नेहमीच स्थिर राहतो असे नाही. जुना शब्द कळला नाही की तो बदलतो, दृष्टान्त अपुरा वाटला की तो एखादी ओवी जोडतो. शके १५०६ मध्ये (१५८४) एकनाथांनी ग्रंथाचे शुद्धीकरण केले आणि अखेरीस स्वतःच्या ओव्यांतून त्याची नोंद ठेवली : मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो बिघडला होता. त्यापुढे ताकीदही दिली. या ग्रंथात यापुढे कोणी आपली ओवी घालील तर ते अमृतापुढे करवंटी मांडण्यासारखे होईल, असा तिचा आशय आहे. मराठी वाङ्मयात लेखनाला इतक्या उघडपणे लावलेले दुसरे कुलूप सहसा आढळत नाही.

या कुलपाला हसणे सोपे आहे, पण त्यामागची गरज खरी होती. ज्ञानेश्वरी हा एकट्याने चाळायचा ग्रंथ नाही. तिचे पारायण होते. हातकणंगल्यासारख्या तालुक्यातील एखाद्या गावी सप्ताह बसतो आणि शंभर वाचक ओळीने बसून एका सुरात वाचतात, तेव्हा प्रत्येकाच्या हातातील ओवी वेगळी असून चालत नाही. सामूहिक वाचनाला एकच संहिता लागते. विद्वानाला पाठभेद हवे असतात, समूहाला एकवाक्यता हवी असते. एकनाथांनी समूहाची बाजू घेतली आणि त्यांच्या संहितेमुळेच हा ग्रंथ महाराष्ट्रभर एका स्वरूपात पोहोचू शकला, हे मान्य करायला हवे.

तरीही किंमत मोजावी लागलीच. एकनाथांसमोर कोणत्या प्रती होत्या, त्यांत काय वेगळे होते, त्यांतील कोणते शब्द त्यांनी गाळले, याची नोंद त्यांनी ठेवली नाही. त्या काळच्या रीतीत ती अपेक्षितही नव्हती. त्यामुळे शुद्धीकरण कळते, पण शुद्ध कशापासून केले ते कळत नाही. शिवाय कुलूप टिकलेही नाही. कुंटे, माडगावकर, साखरे महाराज यांच्या छापील आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या तर एकाच एकनाथी परंपरेतही भेद पडत गेल्याचे दिसते.

१९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी बीडच्या पाटांगणातून मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ही संहिता एकनाथपूर्व आहे असा त्यांचा दावा होता. भाषा जुनी, रूपे अनोळखी. अभ्यासकांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते, आणि १९६० च्या शासकीय आवृत्तीने तिलाच आधारभूत मानले. पण मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. राजवाड्यांनी वाचले ते तसेच होते का, हे पडताळण्याचे साधन त्यामुळे नाहीसे झाले. एका पोथीवर सर्व भार टाकणे हेही एक प्रकारचे कुलूपच आहे, आणि येथे तर कुलूप उरले, किल्ली हरवली.

दुसऱ्या वाटेचे उदाहरण ज्ञानेश्वरीहूनही थोडे जुने आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या अशांना गाठून विचारपूस केली, आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. म्हणजे 'लीळाचरित्र' जन्मतःच अनेकांच्या स्मृतींचा मिलाफ होता. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ ग्रंथ गमावला, आणि तो पुन्हा उभा करावा लागला तो अनुयायांच्या पाठांतरातून. पाठ अनेक निघाले, कारण स्मरणारे अनेक होते. त्या वेळी कोणा एकाला अधिकार देऊन बाकीचे पाठ पुसून टाकता आले असते. तसे पूर्णपणे झाले नाही. लीळेच्या मजकुरातच 'हिराइसा' अशी नावे येतात, 'वासना', 'शोधु' अशा खुणा येतात : या जागी अमुकाचे म्हणणे निराळे आहे, ही गोष्ट पुढील चौकशीत कळली. कथा सांगता सांगता संकलक थांबतो, मतभेद नोंदवतो आणि पुढे जातो.

संगणकावर दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हांनी बदलली तर मिलाफ करणारी आज्ञावली निर्णय देत नाही. ती दोन्ही ओळी खुणांसह समोर ठेवते आणि माणसाला निवड करायला सांगते. महानुभाव संकलकांनी नेमके हेच केले, फक्त निवड करण्याची घाई केली नाही. याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळा लिपीत लिहून बाहेरच्यांसाठी कुलूपबंद केले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडण्यात राजवाड्यांचाच पुढाकार होता, हा इतिहासातला एक विरोधाभास. आत भेदांना मोकळीक, बाहेरच्याला दार बंद, असे दोन्ही एका परंपरेत नांदले.

मात्र मिलाफ म्हणजे आपोआप न्याय, असेही नाही. सतराव्या शतकात कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातील नीलकंठ काशीस स्थायिक झाले आणि त्यांनी महाभारताच्या निरनिराळ्या प्रदेशांतील प्रती जमवून त्यांतील उत्तम पाठ निवडले. टीकेत काही पाठभेदांचा उल्लेखही केला. पण कोणता श्लोक कोणत्या प्रतीतून आला याचा हिशेब त्यांनी दिला नाही. जे जे सापडले ते सामावून घेण्याकडे कल असल्याने ग्रंथ वाढला. येथे मिलाफातला खरा धोका दिसतो : दोन प्रतींतील अर्धे-अर्धे घेऊन तयार झालेला श्लोक असा असू शकतो की जो कोणत्याही कवीने कधी रचलाच नव्हता.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने या धोक्याला उत्तर शोधले. १९२५ मध्ये वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक झाले. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी काम पुढे नेले आणि १९६६ मध्ये ते तडीस गेले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. शारदा, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतील प्रती चौकटी आखलेल्या तक्त्यांवर अक्षराखाली अक्षर मांडून ताडून पाहण्यात आल्या. प्रतींची कुळे ठरवली गेली, कारण कोणती पोथी कोणाची लेक हे कळल्याशिवाय तिच्या साक्षीचे वजन कळत नाही. दहा प्रती एकाच पूर्वजाच्या असतील तर ती दहा मते नव्हेत, एकच मत होय. गिटसारख्या प्रणालीही दोन रूपांचा मिलाफ करताना आधी त्यांचा समान पूर्वज शोधतात, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पानाच्या खालच्या भागात आहे. जो पाठ स्वीकारला तो वर. जो नाकारला तो तळटीपेत, प्रतीच्या खुणेसह. जो भाग मागाहून आलेला वाटला तो तारांकित करून किंवा परिशिष्टात. आणि जेथे संपादकाची स्वतःची खात्री नव्हती त्या शब्दाखाली नागमोडी रेघ. संपादकाने निर्णय दिला, पण पुरावा जाळला नाही. ज्याला तो निर्णय पटत नाही त्याने त्याच पानावरील सामग्री घेऊन दुसरी संहिता उभी करावी, एवढी मोकळीक त्या पानात आहे. नागमोडी रेघ ही मला आधुनिक भारतीय विद्वत्तेतील सर्वांत प्रामाणिक रेघ वाटते.

या चारही उदाहरणांतून वादाचे स्वरूप बदलते. कुलूप चांगले की मिलाफ, हा प्रश्न दुय्यम ठरतो. बदलाची खूण राहिली की नाही, हा मुख्य. एकनाथांच्या कुलपाने समूहाला संहिता दिली, पण खुणा गेल्या. नीलकंठांच्या मिलाफाने संपत्ती वाढवली, पण खुणा पुसट झाल्या. म्हाइंभटांच्या वारसांनी आणि सुकथनकरांनी निरनिराळ्या युगांत, निरनिराळ्या हेतूंनी खुणा जपल्या, म्हणून त्यांच्या कामावर आजही वाद घालता येतो.

वर्गात ज्ञानेश्वरी शिकवताना आपण बहुधा एकच छापील प्रत हाती घेतो आणि तिला 'मूळ' म्हणतो. निदान एका अध्यायापुरती एकनाथी परंपरेतील आवृत्ती आणि राजवाडे संहिता विद्यार्थ्यांपुढे शेजारी-शेजारी ठेवावी. ओवी जेथे दुभंगते तेथे थांबावे. सातशे वर्षांत हा ग्रंथ किती हातांतून गेला, हे त्या फटीतूनच दिसते.