कुंडीतील झाडांवरील कीड

ओसरीवर, गच्चीत किंवा खिडकीत कुंड्यांमधून वाढविलेल्या झाडांचा रस शोषून त्यांस क्षीण करणाऱ्या क्षुद्र जीवांचा समूह. पुणे–सोलापूर मार्गावरील यवत (तालुका दौंड, जिल्हा पुणे) येथील घरांस या उपद्रवाचा परिचय दोन कारणांनी घडतो : पश्चिमेस हवेली तालुक्यात उरुळी कांचन व सोरतापवाडी या परिसरात रोपवाटिकांचा मोठा व्यवसाय असून तेथून आणलेल्या रोपाच्या बेचक्यात कीड दडून येऊ शकते, आणि या अल्पवृष्टीच्या टापूतील कोरडा, तप्त उन्हाळा काही किडींच्या वृद्धीस विशेष अनुकूल असतो.

प्रकार : जास्वंद व क्रोटन यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात ते पिठ्या ढेकणाचे, त्याची मादी मेणचट आवरणाखाली शेकडो अंडी घालते. गुलाब व शेवंती यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि फुलकिडे, पानांच्या पाठीवर पांढरी माशी, तर जून फांद्यांवर खवले कीड आढळते. लाल कोळी हा अष्टपाद असल्यामुळे शास्त्रदृष्ट्या कीटक नव्हे, तथापि उन्हाळ्यात पाने निस्तेज व ठिपकेदार करून सूक्ष्म जाळी विणणारा हा जीव व्यवहारात किडींतच गणला जातो. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि काही जातींची खवले कीड यांच्या शरीरातून स्रवणाऱ्या गोड, चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते व पानांस सूर्यप्रकाश मिळेनासा होतो. याच द्रवाच्या लोभाने मुंग्या या किडींचे त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करतात, म्हणून मुंग्यांची रांग ही किडीची पहिली वर्दी समजावी.

बंदोबस्त : नवे रोप दोन-तीन आठवडे इतर कुंड्यांपासून अलग ठेवणे, पानांची पाठ नियमाने तपासणे आणि नत्रयुक्त खताचा अतिरेक टाळणे, ही खबरदारी कोणत्याही औषधाहून श्रेयस्कर होय. किडीचा प्रादुर्भाव अल्प असता बाधित फांदी छाटावी, पाने पाण्याच्या धारेने धुवावीत आणि पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाने टिपून काढावा. पावसाळ्याच्या तोंडाशी कडुनिंबाखाली पडणाऱ्या निंबोळ्या वाळवून ठेवल्यास वर्षभराची तजवीज होते : ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात किंचित साबण मिसळला की ५ टक्के अर्क सिद्ध होतो. त्यातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य कीटकांची भूक मंदावते व त्यांच्या कात टाकण्याच्या क्रियेत विघ्न आणते. परंतु ते उन्हात लवकर निष्प्रभ होत असल्यामुळे आणि अंडी बहुधा वाचत असल्यामुळे, प्रथम एका पानावर प्रयोग करून, सायंकाळी व आठवड्याच्या अंतराने फवारणीची पुनरावृत्ती करावी लागते.

नैसर्गिक शत्रू : पिठ्या ढेकणाचा भक्षक क्रिप्टोलिमस हा मूळचा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा १८९८ मध्ये कॉफीवरील खवले किडीच्या निवारणार्थ भारतात आणला गेला. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणतंतूंनी आच्छादलेली असल्याने कीड समजून मारली जाते. पुंजक्यांमधून चपळाईने फिरणारी मोठी पांढरी अळी दिसल्यास तिला अभय द्यावे. भारतात २००८ मध्ये कोइमतूर येथे प्रथम आढळलेल्या पपईवरील पिठ्या ढेकणास २०१० मध्ये प्यूर्तो रीकोहून आणलेल्या परोपजीवी गांधीलमाशीने आवर घातला, ही घटना अशा मित्रकीटकांच्या सामर्थ्याची साक्ष देते.

दक्षता : शेतकरी कुटुंबात उसाच्या किंवा भाजीपाल्याच्या फवारणीतून उरलेले औषध कुंड्यांस वापरण्याचा मोह संभवतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये अशा औषधाच्या वेष्टनावर त्याच्या विषारीपणानुसार लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण असते. ज्या पिकासाठी व ज्या मात्रेत ते नमूद आहे त्यापलीकडे, विशेषतः मुलांच्या वावराच्या बंद खोलीत, ते कदापि वापरू नये आणि पिण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. तुळस व कढीपत्ता ही झाडे घरच्यांच्या पोटात जाणारी असल्यामुळे त्यांवर पाण्याची धार, हाताने वेचणी व छाटणी एवढ्यावरच भिस्त ठेवणे इष्ट.