हळिवाच्या रानात लपलेले मावळे

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या गल्लीत मातीचे ढीग पडायचे. पन्हाळा करायचा की विशाळगड, यावर भांडणं व्हायची. बुरुजांवर हळीव पेरायचं, फुटक्या आरशाचा तुकडा पुरून त्याला तळं म्हणायचं आणि पापाच्या तिकटीला नाहीतर गंगावेशीत जाऊन कुंभाराकडचे मावळे आणायचे. मावळ्याला मातीची जाड बैठक असे. ती ओल्या चिखलात दाबली की शिपाई तटावर ताठ उभा.

१९८० च्या आसपासची गोष्ट. शेजारचे आबा मराठा पलटणीतून निवृत्त झालेले. किल्ल्यासमोर उकिडवे बसले आणि एकेक मावळा तटावरून उचलून हळिवात खोचू लागले. फक्त मुंडासं दिसावं इतका खोल.

"आबा, असं केलं तर आमचे मावळे दिसणार कसे?"

"दिसला की गेला, लेका." मग त्यांनी तटाबाहेरच्या आरशावर बोट ठेवलं. "आणि हे पाणी कुणाच्या ताब्यात?"

आम्हाला उत्तर आलं नाही. स्पर्धेच्या परीक्षकांनी सैन्य कुठाय म्हणून विचारलं आणि आमचा नंबर हुकला. आबांवर आम्ही महिनाभर रुसून होतो.

ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, एवढंच घरातले सांगत. 'सांगशाक' हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला. नंतर वाचत गेलो तेव्हा तो प्रश्न उलगडला.

सांगशाक हे मणिपुरात, उखरुलजवळचं तांगखुल नागांचं गाव. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमावर निघालं. वाटेतल्या या टेकडीवर ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती, आणि तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. २२ मार्चला वेढा पडला. काटेरी तारा नाहीत. हातभर खणलं की खडक लागायचा. विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हद्दीत पडे. आणि पाणी मोर्च्याच्या बाहेर. टेकडीवरच्या चर्चसाठी तर हातघाईची लढाई झाली. २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला, तोवर दोन्ही बाजूंची माणसं शेकड्यांनी पडली होती.

पण त्या दिवसांत दोन गोष्टी घडल्या. कोहिमाकडे जाणाऱ्या जपान्यांचा मोलाचा वेळ गेला. आणि पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ त्यांच्या बेताचा नकाशा सापडला. तो जंगलातून, शत्रूच्या फळीतून, पायी इंफाळला पोहोचवला गेला. आपल्याकडच्या माणसाला इथं पावनखिंड आठवणारच. १६६० सालीही असाच वेळ विकत घेतला गेला होता.

गंमत अशी, की या स्वारीचाही आधी खेळ झाला होता. जून १९४३ मध्ये रंगूनला जपानी अधिकारी नकाशा मांडून बसले होते. अन्न कसं पोचवणार, ही शंका तिथंच निघाली. पण सेनापती मुतागुची यांनी हट्ट सोडला नाही. जेमतेम तीन आठवड्यांची शिधासामग्री घेऊन फौज निघाली आणि परतताना उपासमारीनं, रोगराईनं हजारो माणसं रस्त्याकडेला राहिली. लढाईचा असा खेळ मांडून शिकायची रीत प्रशियाच्या लष्करात १८२४ पासून रुजली. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं त्यावर चक्क घरी खेळायचं पुस्तक लिहिलं.

हा खेळ आजही खेळला जातो. माझ्या मित्राचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला, तो शिपायांची पेटी घेऊन. अठ्ठावीस मिलिमीटरचा एकेक शिपाई, नखावर मावेल असा. त्यानं तो नाण्याएवढ्या चकतीवर चिकटवला, चकतीला फेव्हिकॉल फासला, त्यावर पंचगंगेची चाळलेली वाळू आणि वाळवलेला चहाचा चोथा भुरभुरला. झाली जंगलातली माती! माशांच्या काचपेटीतली प्लॅस्टिकची झाडं म्हणजे रान. बाजूला फासे आणि शिंप्याची टेप. मला कुंभाराच्या त्या बैठकीची आठवण झाली.

जंगलातल्या लढाईची अडचण अशी, की मेजावर सगळंच दिसतं. त्यावर तोड म्हणून शिपायांऐवजी आधी पालथ्या चिठ्ठ्या मांडतात. काही खऱ्या, काही कोऱ्या. जवळ जाईपर्यंत समोर पलटण आहे की नुसता वारा, ते कळत नाही. आबांचं हळीवच हे!

आम्ही सांगशाक मांडलं. तो जपानी, मी मराठे. मी विचारलं, "पाणी कुठं आहे?" त्यानं पुस्तक चाळलं. नियमात पाणी नव्हतं. मग आम्हीच ठरवलं, प्रत्येक दिवशी पाणी न मिळालेल्या तुकडीचा एक फासा कमी. टेकडीखाली मी आरशाचा तुकडा ठेवला.

पहिल्या दिवशी सहा फासे होते. दुसऱ्या दिवशी मी पाण्यासाठी एक तुकडी खाली पाठवली. चिठ्ठी उलटली, ती खरी निघाली. चौथ्या दिवशी माझ्या हातात दोनच फासे उरले, आणि टेकडी गेली. आबांची पलटण पाचव्या रात्रीपर्यंत तिथंच होती.