ऑइल पॅन बॅफल

ऑइल पॅन बॅफल म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाच्या तेलपात्रात बसविलेले पत्र्याचे आडवे किंवा उभे पडदे होत. वाहन वेगाने वळण घेत असताना, ब्रेक लावताना अथवा वेग वाढविताना तेलपात्रातील वंगणतेल एका बाजूला सरकते. हे तेल पंपाच्या शोषणनळीच्या तोंडाशी रोखून धरणे हे या पडद्यांचे कार्य आहे. तसे न झाल्यास पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि इंजिनातील बेअरिंगांना वंगण मिळेनासे होते. या स्थितीस ऑइल स्टार्व्हेशन असे म्हणतात. स्पोर्ट्‌स कार व शर्यतीच्या मोटारींमध्ये ही समस्या विशेषत्वाने आढळते.

पार्श्वभूमी

बहुतेक प्रवासी मोटारींत वेट संप पद्धतीची वंगणव्यवस्था असते. तीत सर्व तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलपात्रात साठते. पंप जाळी बसविलेल्या शोषणनळीतून ते खेचून घेतो आणि गाळणीतून क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड व कॅमशाफ्ट यांच्या बेअरिंगांना दाबाखाली पुरवितो. तेथून ते गुरुत्वाकर्षणाने पुन्हा तेलपात्रात उतरते.

स्थिर वाहनात तेलाचा पृष्ठभाग क्षितिजसमांतर असतो. वळणावर मात्र तो वळणाच्या बाहेरील बाजूस चढतो. पार्श्व त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे असल्यास हा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी, तर दोन्ही त्वरणे समान झाल्यास ४५ अंशांनी कलतो. रोजच्या वापरात इतके त्वरण सहसा निर्माण होत नाही. शर्यतमार्गावर चांगली पकड असलेले टायर लावलेली मोटार मात्र ही मर्यादा गाठू शकते. अशा वेळी सपाट व उथळ तेलपात्रातील शोषणनळी उघडी पडते. त्यातच इंजिनाच्या उच्च फेऱ्यांना बरेचसे तेल सिलिंडर हेडमध्ये व क्रँककेसच्या भिंतींवर असते, त्यामुळे तळाशी साठा आधीच कमी झालेला असतो.

परिणाम

क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि धातूचे पृष्ठभाग त्यावर एकमेकांना न टेकता फिरतात. हवामिश्रित तेल आल्यास हा थर तुटतो, घर्षणाने उष्णता वाढते आणि बेअरिंगचा मऊ धातू वितळू किंवा घासला जाऊ लागतो. बेअरिंग आपल्या जागेवरून फिरल्यास कनेक्टिंग रॉड तुटून इंजिन निकामी होऊ शकते. तेलदाबाचा इशारादिवा बहुधा दाब फारच खाली गेल्यावर पेटतो. म्हणून केवळ त्यावर विसंबता येत नाही. पोर्शे ९४४ या मोटारीच्या चार सिलिंडरी इंजिनात शर्यतमार्गावरील वापरामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग खराब होणे हे याचे परिचित उदाहरण आहे.

रचना व प्रकार

उभे पडदे: शोषणनळीभोवती कप्पा तयार करून तेलाचा लोंढा अडवितात.

आडवा पडदा: तेलाच्या पातळीलगत बसविला जातो व तेलाला तेलपात्राच्या भिंतीवरून वर चढू देत नाही.

एकमार्गी झडपा: उभ्या पडद्यांना बिजागरीने जोडलेल्या या झडपा कप्प्याकडे उघडतात, तेल बाहेर जाऊ लागताच आपोआप मिटतात.

विंडेज ट्रे: क्रँकशाफ्टखालील हे तबक तिच्या फिरण्याने उडणारे तेल वेगळे करते, त्यामुळे तेलात फेस कमी होतो.

पडद्यांमध्ये तेल परतण्यासाठी पुरेशी छिद्रे ठेवावी लागतात. छिद्रे अपुरी असल्यास तेल पडद्याच्या वरच अडकते आणि मूळ समस्या अधिकच बळावते. पडदे क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड वा तेलमापक पट्टीला लागणार नाहीत, तसेच कंपनांमुळे त्यांची सांधणी सुटणार नाही, याचीही खबरदारी घ्यावी लागते.

मर्यादा व अन्य उपाय

बॅफलमुळे कप्प्यातील तेल काही काळच टिकते. लांबलचक वळणावर पंप ते उपसून संपवितो आणि बाहेरील तेल आत येऊ शकत नाही. म्हणून काही मोटारींत तेलपात्राची धारणक्षमता वाढविली जाते किंवा दाबाखाली तेल साठविणारी टाकी जोडली जाते. तेलदाब घसरताच ही टाकी आपले तेल इंजिनात सोडते. नेहमीच्या तेलपात्रात ठरलेल्या पातळीपेक्षा बरेच जास्त तेल भरणे हा मात्र सुरक्षित पर्याय नाही. क्रँकशाफ्ट तेलात बुडून फिरू लागल्यास तेल फेसाळते आणि पुन्हा हवाच पंपात जाते.

ड्राय संप पद्धत हा अधिक परिणामकारक उपाय होय. तीत तळाशी जमणारे तेल उपसापंप सतत काढून वेगळ्या उंच टाकीत नेतो आणि मुख्य पंप त्या टाकीतून तेल घेतो. १९५४ मधील मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल, हवेने थंड होणारी इंजिने असलेल्या पोर्शे ९११ आणि २००६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेड०६ या मोटारींत ही पद्धत वापरली आहे. तिचा खर्च, वजन व गुंतागुंत अधिक असल्याने मूळ वेट संप इंजिनात बॅफल बसविणे हा तुलनेने स्वस्त व प्रचलित मार्ग आहे.