चावेझ रव्हीन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लॉस अँजेल्स शहराच्या मध्यभागानजीकचा टेकड्यांचा प्रदेश. व्यावसायिक खेळास सार्वजनिक संपत्ती द्यावी काय, या वादातील हे एक प्रमुख उदाहरण होय. येथील तीन वस्त्यांत मुख्यत्वे मेक्सिकन वंशाची कुटुंबे राहत. सार्वजनिक गृहनिर्माणासाठी १९५० पासून त्यांच्या जमिनी संपादण्यात आल्या व नव्या घरांत अग्रहक्काचे आश्वासन देण्यात आले. तथापि नॉरिस पोल्सन महापौर झाल्यावर (१९५३) ती योजना रद्द झाली. नगरशासनाने सार्वजनिक प्रयोजनाच्या अटीवर ही जमीन परत घेतली आणि १९५७ मध्ये तीपैकी सु. ३०० एकर ब्रुकलिनच्या डॉजर्स या बेसबॉल संघास रिग्ली फील्ड या लहान मैदानाच्या मोबदल्यात देऊ केली. जून १९५८ मधील सार्वमतात हा करार अल्प मताधिक्याने संमत झाला. न्यायालयीन आव्हानेही टिकली नाहीत. मे १९५९ मध्ये मागे राहिलेल्या रहिवाशांना बळाने बाहेर काढण्यात आले. क्रीडागार संघाने स्वखर्चाने बांधले व १० एप्रिल १९६२ रोजी ते खुले झाले. रोख अनुदान न देताही जमिनीच्या रूपाने सार्वजनिक साहाय्य कसे दिले जाते आणि ‘सार्वजनिक प्रयोजना’चा अर्थ सत्तांतराबरोबर कसा पालटतो, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.