वस्तऱ्याच्या तीन पिना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या नानांनी धोकटीतला जुना वस्तरा काढून माझ्यापुढं ठेवला. "मिटला की पातं मुठीला घासतंय. पिना काढून दे." नाना पंच्याऐंशीच्या पुढचे. न्हावकी सोडून वीसेक वर्षं झाली. पुण्यात नातवाचं सलून आहे, त्याला हा वस्तरा काचेच्या पेटीत घालून भिंतीला लावायचाय.

मी म्हटलं, "नाना, भिंतीवरच जायचा तर घासंना का."

"भिंतीवर गेला म्हणून वाकडा मिटंल व्हय?"

पुढं मी बोललो नाही. माझं जावळ याच वस्तऱ्यानं काढलेलं, आणि वडील गेले तेव्हा माझं डोकंही यानंच उतरवलेलं.

माझ्याकडं ते का आले? मोटार, फवारणीचा पंप खोलायची मला खोड आहे. पण खरं म्हणजे त्यांचाच एक वस्तरा मी पूर्वी घालवला होता. पिनेवर खिळा ठेवला आणि हातोडी हाणली. पिन जागची हलली नाही, मूठ मात्र उभी चिरली. नाना तेव्हा एवढंच म्हणाले, "घाई झाली तुला."

हा वस्तरा नानांच्या आज्यानं घेतलेला. पात्याच्या बुडाला शेफील्डचा ठसा आहे, निम्मा झिजलेला. इंग्लंडातलं हे गाव चाकूसुऱ्यांचं. १७४० च्या सुमारास तिथं बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीनं मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, तिथनं शेफील्डच्या पात्यांचं नाव झालं. मुठीला शिंग लागायचं, ते देशोदेशीहून यायचं. त्यात हिंदुस्थानातल्या म्हशींचं शिंगही असे. म्हणजे इथलीच एखादी म्हैस बोटीनं गेली आणि मूठ होऊन परत आली, असंही झालं असेल. पुढं जर्मनीच्या झोलिंगनचे पोकळ घासलेले हलके वस्तरे आले, शिंगाच्या जागी सेल्युलॉइड आलं. मी चिरलेली मूठ सेल्युलॉइडचीच. ते चटकन पेट घेतं, म्हणून त्याला ड्रिल लावताना जास्तच जपावं लागतं.

आज्याचा काळ म्हटल्यावर एक विचार मनात येतोच. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं. नानांना विचारलं, या वस्तऱ्यानं कधी तसलं काम केलं का? नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आज्या त्यावर कधी बोलला नाही."

आता पिनांचं. मुठीच्या दोन फाका असतात. एका टोकाला पातं फिरतं ती पिन, दुसऱ्या टोकाला दोन फाकांमध्ये शिशाची पाचर आणि तिच्यातनं गेलेली पिन, आणि या मुठीला मध्येही एक. जाडी दीड मिलिमीटरच्या जरा वर. दोन्ही बाजूंना बारीक वायसर घालून पिनेचं टोक हलकं हलकं ठोकून पसरवलेलं. स्क्रू असता तर काम एका मिनिटाचं. इथं पसरलेलं डोकं भोकात अडकून बसतं. ते काढल्याशिवाय ठोकाल तर शिंगच फुटणार. माझं पहिल्या वेळी तेच झालं.

आधी धारेला चिंधी गुंडाळली. मग बारीक कानशीनं एका बाजूचं डोकं वायसरबरोबर सपाट केलं. शिंगाला कानस लागू नये म्हणून भोवती चिकटपट्टी. सपाट झालेल्या पितळेच्या बरोब्बर मध्यावर सेंटर पंचचा ठिपका. हा ठिपका चुकला की सगळं चुकलं. पितळ कडक, शिंग मऊ, त्यामुळं ड्रिलचं टोक घसरतं ते शिंगात शिरतं आणि भोक मोठं होतं.

पोरगा विजेचं ड्रिल घेऊन आला होता. मी नको म्हटलं. ते तापतं, आणि घसरलं तर हात आवरेपर्यंत उशीर होतो. आमचा सुतार पूर्वी सामता वापरायचा, दोरीच्या धनुष्यानं पुढंमागं फिरायचा तो. तो आता राहिला नाही, म्हणून हातानं फिरवायचं जुनं ड्रिल घेतलं. पूर्ण पिन पोखरायची नसते. पसरलेल्या डोक्याची कड तुटेपर्यंतच जायचं. वायसर सुटून फिरायला लागला की थांबायचं.

मग बाभळीच्या ठोकळ्याला भोक पाडलं, मूठ त्यावर अशी ठेवली की पिन भोकावर यावी. वरून पिनेपेक्षा बारीक सुंभा आणि हलकी टिचकी. पहिली पिन निघाली. मधलीही निघाली. पात्याची मात्र निघेना, आत वाकलेली. तासभर बसलो. हात शिवशिवत होता एक दणका द्यायला. शेवटी सोनाराकडनं बारीक करवत आणली आणि पातं आणि फाक यांच्या फटीतनं पिनच कापली.

शिंग वर्षानुवर्षांत मुरडलेलं होतं. गरम पाण्यात मऊ करून दोन फळ्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी सरळ. नवी पितळी तार, नवे वायसर, बारीक हातोडी.

नानांनी वस्तरा हातात घेतला, कानाजवळ धरून मिटला. घासल्याचा आवाज नाही. पुन्हा उघडून मिटला.

"किती झालं?"

"नाना, काय तरी काय."

त्यावर ते हसले. आमच्या घरचं बलुतं त्यांना सुगीला खळ्यावर मिळायचं. १९७२ च्या दुष्काळात खळं भरलंच नाही. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सगळा गाव खडी फोडायला, नानाही. दुपारच्या सुट्टीत दगडावर बसून ते लोकांच्या दाढ्या करायचे, आमच्या वडलांचीही. पुढल्या वर्षी पिकलं तेव्हा वडलांनी त्या सालचं बलुतं घातलं, मागचं राहिलं ते राहिलंच. नानांनी कधी काढलं नाही.

काढलेल्या पिना, कापलेली धरून, त्यांनी तंबाखूच्या डबीत टाकल्या.

"बरं झालं," म्हणाले. "पण बहात्तरचं अजून ऱ्हायलंय बरं का."