खेळण्याची कणीक

मानवजातीच्या इतिहासांत राजांच्या लढायांना जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी मुलांच्या खेळण्यांना मिळालेली नाहीं. त्यांतून जें खेळणें संध्याकाळीं मोडून पुन्हां त्याचा गोळा व्हावयाचा, त्याची नोंद कोण ठेवणार! सिंधुखोऱ्यांतील उत्खननांत मातीच्या चिमुकल्या गाड्या सांपडल्या, त्या भाजलेल्या होत्या म्हणून. न भाजलेली माती मातीसच मिळाली. तथापि पीठ, मीठ व पाणी एकत्र करून खेळण्यासाठीं जी मऊ कणीक अलीकडे पुष्कळ घरांत मुलांना करून देतात, तिची वंशावळ शोधूं गेल्यास आम्हांस एक मौजेची गोष्ट आढळून येते. ती ही कीं, या जातीच्या वस्तु मोठ्या माणसांनीं आपल्या कामासाठीं सिद्ध केल्या आणि मुलांनीं त्यांवर आपला हक्क बसविला.

मुलांच्या हातीं माती देणें हेंही शिक्षणच होय, असें पद्धतशीरपणें मांडणाऱ्यांत फ्रीडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणशास्त्रज्ञाचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. १८३७ सालीं त्यानें ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तिला किंडरगार्टन, म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. कागदाच्या घड्या, विणकाम यांच्याबरोबर मातीकामही त्याच्या शिक्षणक्रमांत होतें. या निरुपद्रवी उद्योगांत प्रशियाच्या सरकारला नास्तिकपणा व समाजवाद दिसला आणि १८५१ सालीं त्यानें या शाळांवर बंदी घातली. दुसऱ्याच वर्षीं फ्रोबेल वारला; बंदी उठली ती १८६० सालीं. ज्या शाळांत मुलें मातीचे गोळे वळीत, त्या शाळांची एका बलाढ्य राज्यास धास्ती वाटावी, हें आजच्या पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मातीचा दोष असा कीं, ती वाळते आणि तडकते. इंग्लंडांतील बाथ शहरीं विल्यम हार्बट नांवाचा एक कलाशिक्षक होता. शिल्प शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना न वाळणारी माती मिळावी, ही त्याची निकड. १८९७ सालीं त्यानें 'प्लॅस्टिसिन' सिद्ध केलें, १८९९ सालीं त्याचें पेटंट मिळालें व १९०० सालीं जवळच्या बाथॅम्प्टन येथें कारखाना सुरू झाला. चुन्याच्या जातीचें चूर्ण, व्हॅसलीनसारखें खनिज द्रव्य व स्निग्धाम्लें यांचें हें मिश्रण असल्यामुळें त्यांत सुकून जाण्याजोगें पाणी नाहींच. पदार्थ केला शिल्पकलेच्या वर्गासाठीं. त्याची कीर्ति झाली ती मुलांचें खेळणें म्हणून.

पिठाच्या कणकेची कथा याहूनही विलक्षण आहे. अमेरिकेंत सिनसिनाटी येथें कुटोल नांवाची साबण करणारी कंपनी होती. त्या काळीं तिकडील घरें कोळशावर तापवीत व त्याची काजळी भिंतींवरील शोभेच्या कागदावर बसे. पाण्यानें पुसावा तर कागद खराब होई. म्हणून मुख्यतः पीठ, मीठ व पाणी यांचा एक लगदा त्यावरून फिरवून काजळी टिपून घेत. १९३३ सालीं कुटोल हा लगदा करूं लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाऐवजीं वायूनें घरें तापूं लागलीं, धुतां येणारे कागद निघाले, आणि लगद्यास गिऱ्हाईक उरेना. कंपनीच्या जोसेफ मॅकविकर यांच्या नात्यांतील के झुफाल या बालशाळा चालवीत. असल्या लगद्याचे नाताळांतील शोभेचे आकार करतां येतात, असें वाचनांत आल्यावरून त्यांनीं तो आपल्या मुलांपुढें ठेवला. मुलें त्यांत रमून गेलीं. 'प्ले-डो', म्हणजे खेळण्याची कणीक, या नांवाची सूचनाही त्यांच्याकडूनच आली. १९५६ सालीं ही कणीक बाजारांत आली. प्रथम नुसती पांढुरकी, मग तांबडी, पिवळी व निळी. जें व्यापाऱ्यांस सुचलें नाहीं तें एका बालशिक्षिकेस सुचलें, कारण मुलांचे हात कशांत गुंततात हें ती रोज पाहत होती.

या पदार्थास पेट्या व कारखाने लागतातच असें मात्र नाहीं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन वाट्या पाणी, दोन चमचे तेल आणि थोडा लिंबाचा रस, एवढ्यांत तो घरीं होतो. कृति आपल्या गृहिणींस शिकविण्याची गरज नाहीं. मोदकांची उकड काढतात त्याच धर्तीवर मंद आंचेवर ढवळीत राहावें, गोळा भांड्यापासून सुटूं लागला कीं उतरवावा व कोमट असतां मळावा. पिठांतील चिकट प्रथिनामुळें गोळ्यास ताण येतो. शिजल्यानें पिष्ट पाणी शोषून फुगतें व गोळा मऊ राहतो. मीठ पाणी धरून ठेवीत असल्यामुळें बुरशीस सहसा वाव मिळत नाहीं. तेल त्यास लवकर सुकूं देत नाहीं. रंगास हळद किंवा बीटाचा रस पुरे. घट्ट झांकणाच्या डब्यांत हा गोळा कित्येक आठवडे टिकतो. मात्र एवढें मीठ पोटांत गेल्यास अपाय होतो. म्हणून जें मूल अजून प्रत्येक वस्तु तोंडांत घालतें, त्याच्या हातीं तो देऊं नये.

आतां एक आक्षेप उरतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. अन्नास पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरांत पीठ खेळावयास द्यावें काय? ज्या देशानें १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहिला, ज्या महाराष्ट्रानें १९७२ सालीं दुष्काळी कामांवर खडी फोडली, तेथें एखाद्या आजीनें हा प्रश्न विचारल्यास तिला जुनाट ठरवून गप्प बसविणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु तिच्याच घरांत दिव्यांच्या अवसेला कणकेचे दिवे होतात, आणि पोळ्या लाटतांना भुणभुण करणाऱ्या नातवाच्या हातीं कणकेची गोळी तीच ठेवते. तेव्हां तिचा रोष खेळावर नसून नासाडीवर आहे. दिवे तुपाबरोबर खाल्ले जातात, नातवाची गोळी गाईपुढें टाकतां येते. हा खारट गोळा मात्र गाईलाही घालण्याजोगा नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, एकदां केलेला गोळा शक्य तितके दिवस पुरवावा, खाण्याजोगें न राहिलेलें जुनें पीठ त्यासाठीं वापरावें, आणि जेथें पीठच जेमतेम आहे तेथें खुशाल मातीकडे वळावें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां महागड्या साधनांच्या जागीं परिसरांत फुकट मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनीं शिक्षणाचीं साधनें केलें.

शूद्रकाच्या मृच्छकटिकांत चारुदत्ताचा लहानगा मुलगा मातीची गाडी नको म्हणून रडतो, कारण शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्यानें पाहिलेली असते. आजच्या सोन्याच्या गाड्या म्हणजे रंगीत पेट्या व त्यांबरोबर येणारे साचे. पेटी विकत घेण्यांत कांहीं पाप नाहीं. पण साचा दाबला कीं सर्व मुलांचे हत्ती एकसारखे निघतात, आणि साचा करणाऱ्याचीच कल्पना मूल गिरवीत बसतें. बाथच्या कलावर्गांतील माती व सिनसिनाटीचा लगदा मुलांनीं आपलासा केला, तो त्यांत कोणतीच आकृति आधीं ठरलेली नव्हती म्हणून. तेव्हां एखाद्या रविवारीं वाचकांनीं ही उकड काढलीच, तर गोळा मुलाच्या स्वाधीन करून आपण बाजूस व्हावें. आणि त्याचा हत्ती डुकरासारखा दिसूं लागला तरी त्याची सोंड ओढून देण्याचा मोह आवरावा, एवढीच आमची विनंती आहे.