विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने

मुंबई विद्यापीठाची व्याख्यानमाला. मिशनरी, प्राच्यविद्यापंडित आणि विद्यापीठाचे माजी कुलगुरू जॉन विल्सन यांच्या नावाने ती चालवली गेली. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आरंभी मुख्यतः परीक्षा घेई व पदव्या देई. अध्यापन महाविद्यालयांत चाले. म्हणूनच या मालेचे मोल मोठे आहे: विद्यापीठाने स्वतःच्या नावाने नवे ज्ञान मांडण्याची ती एक दुर्मीळ जागा होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये सात व्याख्याने दिली. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश यांतून मराठी, हिंदी, गुजराती आदी भाषांचे उच्चार आणि प्रत्यय कसे घडले, हे त्यांनी उदाहरणांनिशी दाखवले. देशी भाषांना स्वतंत्र, नियमबद्ध इतिहास आहे, हे येथील विद्वानाने येथेच सिद्ध करावे, ही घटना असामान्य होती.

ही व्याख्याने इंग्रजीत झाली, मग सामान्य मराठी माणसाला त्यांचा उपयोग काय, हा आक्षेप रास्त आहे. सभागृहापुरते पाहिले तर तो मान्यच करावा लागतो. पण अशा व्याख्यानाची पोच श्रोत्यांपुरती मोजणे अपुरे ठरते. ठरलेल्या मुदतीमुळे विखुरलेले संशोधन एकसंध मांडावे लागते आणि छपाईनंतर ते पुढच्या अभ्यासकांच्या हाती पडते. भांडारकरांची व्याख्याने १९१४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. पुढे याच मालेत नरसिंहराव दिवेटिया गुजरातीवर बोलले.